सर्फ संगीत आणि बो डिडली : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सर्फ संगीत हे समुद्रकाठचेच संगीत असून समुद्राशी नाते नसलेल्याला ते उमगणार नाही, हा समज नावामुळे रूढ झाला आहे. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याच्या खेळाला सर्फिंग म्हणतात, आणि १९६०नंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील या खेळाच्या शौकिनांमुळे त्या संगीताला हे नाव मिळाले. परंतु त्याची खरी ओळख ध्वनीत आहे. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज स्प्रिंगांमधून फिरवून त्याला घुमारा देणाऱ्या उपकरणाला 'रिव्हर्ब' म्हणतात, आणि त्यातून निघणारा स्वर जालना जिल्ह्यातील एखाद्या खोल विहिरीत मारलेली हाक परतावी तसा कानी येतो. या शैलीचा अग्रणी डिक डेल याची १९६२ची 'मिसिरलू' ही गाजलेली धून मूळची पूर्व भूमध्य प्रदेशातील आहे, तर सर्फिंगची गाणी गाणाऱ्या 'बीच बॉइज'मध्ये प्रत्यक्ष सर्फिंग करणारा डेनिस विल्सन हा एकटाच होता.

दुसरा गैरसमज अधिक अन्यायकारक आहे. १९६३मध्ये 'सर्फिन विथ बो डिडली' हा अल्बम निघाला, यावरून रॉक अँड रोलचा हा ज्येष्ठ गिटारवादक नव्या पोरांची नक्कल करू लागला, असे मानले जाते. वास्तविक त्यातील काही धुनांमध्ये डिडलीचे वादनच नाही; शीर्षक आणि वेष्टन बाजाराकडे पाहून ठरले होते. त्याच वर्षीचा 'बीच पार्टी' हा अल्बमही अनेकजण सर्फ संगीतात मोडतात, पण ते अटलांटिक किनाऱ्यावरील मर्टल बीच येथील कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण असून, पहिल्या भागात तीन व दुसऱ्या भागात दोन आघात असलेला, १९५५पासून डिडलीच्या नावाने ओळखला जाणारा ठेकाच त्यात घुमतो. ब्लूज गिटारवादक फ्रेडी किंग याच्याबाबत तर त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीने १९६१च्याच धुना 'फ्रेडी किंग गोज सर्फिन' या नव्या नावाने पुन्हा विकल्या.

ऋणाची दिशा प्रत्यक्षात उलटी आहे. बीच बॉइजच्या 'सर्फिन यूएसए'ची चाल रॉक अँड रोलचाच दुसरा ज्येष्ठ गिटारवादक चक बेरी याच्या १९५८च्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन'वरून घेतलेली असून, रचनाकार म्हणून बेरीचे नाव पुढे त्या गाण्यावर छापावे लागले.