विषाणू : जीव की अजीव?

१८९२ साली दिमित्री इवानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. ही गाळणी जीवाणूंना अडविणारी होती. तरीही तो रस निरोगी रोपांना लावताच त्यांच्या पानांवर तेच फिकट चट्टे उमटले. पाणी गाळून वापरण्याचे व्रत पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्या घरांना या प्रयोगाचे मर्म वेगळे सांगावयास नको. गाळणीतून काहीतरी निसटत होते.

१९३५ मध्ये अमेरिकेतील वेंडेल स्टॅन्ली यांनी याच रोगकारकाचे मिठासारखे स्फटिक मिळविले, आणि त्या स्फटिकांनीही रोग होतच राहिला. मग हा जीव की पुद्गल? जैन दर्शनात उपयोग, म्हणजे चेतनेचा व्यापार, हे जीवाचे लक्षण मानले आहे. एकेंद्रिय जीवालाही आहार, शरीर, इंद्रिय व श्वासोच्छ्वास या चार पर्याप्ती सांगितल्या आहेत. पेशीबाहेरचा विषाणू खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला आनुवंशिक संदेश, एवढाच त्याचा संसार. वैज्ञानिकांतही याविषयी एकमत नाही. निवाडा घाईने न केलेला बरा.

त्याचे वर्तन मात्र चांगले ज्ञात आहे. फ्लूचा विषाणू मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. त्याच्या पृष्ठभागावरील काटे श्वासमार्गातील पेशींवरच्या सायलिक आम्लाला चिकटतात. पेशी त्याला एका सूक्ष्म पिशवीत घेऊन आत ओढते. पिशवीतील आम्लता वाढली की काट्यांचा आकार पालटतो, विषाणूचे आवरण पिशवीच्या आवरणात मिसळते, आणि आरएनएचे आठ तुकडे मोकळे होऊन पेशीकेंद्रकात शिरतात.

यापुढचा प्रकार खोट्या हुंडीसारखा आहे. लिपी ओळखीची, मजकूर रीतसर. मुनीम ती वटवितो. पेशीतील प्रथिने घडविणारे रायबोसोमही संदेश कोणाचा हे पाहत नाहीत. माल पेशीचा, मेहनत पेशीची, आणि तयार होतात विषाणूची प्रथिने! नव्या प्रती पेशीच्याच आवरणाचा तुकडा पांघरून बाहेर पडतात. तेथे तेच सायलिक आम्ल त्यांना धरून ठेवते. न्यूरामिनिडेज नावाचे विकर हा बंध तोडते. ओसेल्टामिविर हे औषध नेमके या विकराला अडविते.

सर्दी-फ्लूत घरी उरलेली अँटिबायोटिकची गोळी मुलांना देण्याची सवय अनेक कुटुंबांत आहे. ही औषधे जीवाणूंच्या पेशीभित्तीवर, त्यांच्या रायबोसोमवर किंवा अशाच अन्य यंत्रणेवर आघात करतात. विषाणूला भित्ती नाही, आणि तो वापरतो ते रायबोसोम आपलेच. म्हणजे विषाणू अबाधित राहतो. मरतात ते आतड्यातील निरुपद्रवी जीवाणू, ज्यांच्या जीवत्वाविषयी कोणालाच शंका नाही. शिवाय औषधाला दाद न देणारे तेवढे मागे उरतात व वाढतात. फ्लूच्या पाठोपाठ जीवाणूंमुळे न्यूमोनिया झाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर अँटिबायोटिक देतात आणि ते त्यांनी सांगितले तितके दिवस घ्यावे लागते.