पाँडिचेरी : फ्रेंच शहर आणि मराठ्यांचे अभय

फ्रेंच संस्कृतीचा परिचय आणि चार दिवसांचा विसावा या दोन्ही गोष्टींसाठी भारतीय प्रवाशाला समुद्र ओलांडावा लागत नाही. बंगालच्या उपसागराच्या काठी वसलेले पाँडिचेरी, म्हणजेच २००६ पासूनचे पुदुच्चेरी, त्याची ही इच्छा पुरवू शकते. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, उंच भिंतींआडच्या बागा, फ्रेंच व तमिळ नावांच्या पाट्या आणि सायंकाळी वाहनांना बंद होणारा किनाऱ्याचा रस्ता यांमुळे येथे पाऊल आपोआप संथ पडते. मात्र हे शहर केवळ फ्रेंचांनी घडविले असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

विजापूरकरांचा सुभेदार शेरखान लोदी याच्या परवानगीने फ्रान्स्वा मार्तँ याने १६७४ साली येथे वखार उभारली. तीनच वर्षांनी शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर आले. त्यांनी जिंजीचा किल्ला घेतला आणि शेरखानाचा पराभव केला. आश्रयदाताच उरला नाही, तेव्हा मार्तँने महाराजांकडे आपला वकील धाडला. फ्रेंचांनी युद्धात कोणाचीही बाजू घेऊ नये आणि निर्धास्त राहावे, असे अभय त्याला मिळाले. मार्तँने लिहून ठेवलेल्या आठवणींत ही हकीकत आली असून मराठ्यांच्या इतिहासाचे एक साधन म्हणून त्या आठवणींना महत्त्व आहे.

१६९३ साली डचांनी हे ठाणे जिंकले आणि १६९९ मध्ये ते परत केले. रस्त्यांची आजची काटकोनी आखणी डच अमलाच्या काळातील नकाशात आढळते. १७४१ साली रघूजी भोसल्यांनी चंदासाहेबाच्या कुटुंबाची मागणी केली, तेव्हा गव्हर्नर द्युमा याने आश्रितांना स्वाधीन करण्यास नकार दिला. द्युमाने नजर केलेल्या उंची फ्रेंच मद्यामुळे रघूजींचा राग निवळला, अशी आख्यायिका आहे. पुढे १७६१ मध्ये इंग्रजांनी शहर जिंकून जमीनदोस्त केले. त्यामुळे प्रवाशाला दिसणारी घरे बहुतांशी त्यानंतरच्या पुनर्रचनेतील आहेत.

ही घरे पाहताना कालव्याच्या दोन्ही बाजूंना हिंडावे. समुद्राकडील वस्तीत कमानदार फाटकाआड बाग आणि बागेमागे घर असते. कालव्यापलीकडील तमिळ वस्तीत घराची ओसरी रस्त्याकडे तोंड करून वाटसरूला बसायला जागा देते आणि आत, मराठी वाड्यात असतो तसा, मोकळा चौक असतो. काही घरांत खालचा मजला तमिळ धाटणीचा, तर वरचा फ्रेंच धाटणीचा आहे. दोन समाजांच्या सहवासाची अधिक स्पष्ट खूण अन्यत्र क्वचितच सापडेल. प्रवाशांची वर्दळ मात्र समुद्राकडेच अधिक असते. ओसरीची घरे दुर्लक्षामुळे नाहीशी झाली, तर या शहराची अर्धी कथाच पुसली जाईल.

१९५४ साली येथील प्रत्यक्ष कारभार भारताकडे आला व १९६२ मध्ये विलीनीकरण कायदेशीर झाले. सत्ता गेली, तरी भाषा, शाळा आणि १९५५ साली स्थापन झालेली फ्रेंच संशोधन संस्था येथे टिकून राहिली. हा सारा पूर्वेतिहास जाणून किनाऱ्यावर बसणाऱ्याला विश्रांती तर मिळतेच. शिवाय ज्या शांततेचा तो उपभोग घेतो, ती किती जणांच्या संमतीने आणि श्रमाने उभी राहिली आहे, हेही त्याला उमगते.