सोळा बिटांची घाई

संगणकविश्वात आधी पाऊल टाकणाऱ्यालाच कधीकधी जुन्या निर्णयाचं ओझं जास्त काळ वाहावं लागतं. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा जगातल्या सगळ्या लिप्यांना 16 बिट, म्हणजे 65,536 जागा पुरतील असा हिशेब होता. त्यावर विसंबून 1993च्या विंडोज एनटीने आणि पाठोपाठ जावा, जावास्क्रिप्टने अक्षराचं माप 16 बिटच धरलं. हिशेब चुकला. 1996च्या दुसऱ्या आवृत्तीत मर्यादा वाढवावी लागली आणि जास्तीच्या चिन्हांसाठी दोन एककांची जोडी लावायची ठिगळी युक्ती आली. म्हणूनच जावास्क्रिप्ट आजही एका साध्या हसऱ्या इमोजीची लांबी 2 सांगते.

युनिक्सचं घराणं रेंगाळलं आणि वाचलं. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी 1992मध्ये आखलेल्या यूटीएफ-8मध्ये जुना आस्की मजकूर जसाच्या तसा चालतो, त्यामुळे जुने प्रोग्राम फारसे मोडले नाहीत. यावर कुणी विचारेल, मग देवनागरीचं काय? आक्षेप रास्त आहे: आपलं एकेक चिन्ह तिथे 3 बाइट घेतं, 16 बिटांच्या पद्धतीत 2च. पण वेबपानांतले टॅग आणि पत्ते बहुतांशी आस्कीतच असतात, तिथे ही तूट बरीच भरून निघते. अखेर 2019मध्ये विंडोजनेही प्रोग्रामांना यूटीएफ-8 निवडायची मुभा दिली.