‘काय झालं?’चे व्याकरण

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी जावे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मधली सुट्टी झाली, की शिक्षिकांचे डबे उघडतात आणि डब्यांबरोबर गप्पाही. त्यांतली एखादी सातव्या महिन्यात असेल, तर विषय शोधावा लागत नाही. बाळंतपण माहेरी की सासरी, रजा कधीपासून टाकायची, आंबट खावेसे वाटते की गोड, हे सारे भाकरी-ठेच्याबरोबर चघळून होते. अशा वेळी एक मैत्रीण सहामाहीच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलेली असते. कोणा मुलीने लिहिलेले वाक्य समोर येते : ‘माय सिस्टर इज हॅविंग अ बेबी.’ त्यावर लाल शाईची फुली पडते. ‘हॅव’ला ‘आयएनजी’ लागत नाही, हे वर्गाला सांगता सांगता बाईंचा घसा बसलेला असतो. शेजारची गर्भार मैत्रीण वाकून पाहते आणि म्हणते, “फुली कायले मारली वं? मंग मले होनार हाये, तेबी चूकच म्हना की!”

हसण्यावारी गेलेल्या या प्रश्नात व्याकरणाचा एक मोठा मुद्दा दडलेला आहे. फुली चुकीची आहे, वाक्य बरोबर आहे. ‘हॅव’ या क्रियापदाचा अर्थ ‘जवळ असणे’ असा असतो, तेव्हा ते चालू काळात वापरीत नाहीत, हा नियम खराच. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य इंग्रजी कानाला खटकते ते त्यामुळे. परंतु हा नियम अर्थाचा आहे, शब्दाचा नव्हे. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला मूल आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला मूल व्हायचे आहे, किंवा याच घटकेला होत आहे. ‘शी इज हॅविंग टू चिल्ड्रन’ असे एखाद्या बाईंविषयी कोणी सांगितले, तर इंग्रज मनुष्य जुळ्यांची वाट पाहू लागेल.

ही गफलत मराठी मुलांकडून आणि त्यांच्या शिक्षकांकडूनही का होते, याचे कारण बुद्धीत नाही, भाषेत आहे. मराठीत ‘हॅव’ नाहीच. मराठी माणसाजवळ पैसे असतात, त्याला भाऊ असतो, त्याचे घर असते. पण तो स्वतः कर्ता होऊन यातले काहीही ‘हॅव’ करीत नाही. ज्या क्रियेची आपल्या बोलण्यात जागाच नाही, तिचे नियम पाठ करण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि पाठ केलेला नियम नेमका अपवादाच्या जागी फसतो. २००० सालापासून महाराष्ट्राच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्यापूर्वीच्या पिढ्या पाचवीपासून किंवा त्याहूनही उशिरा इंग्रजी शिकत, आणि घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. त्या पाठमालेची एक खुबी होती : ती इंग्रजी वाक्य मराठी वाक्याशेजारी ठेवी. दोन भाषा शेजारी बसल्या, की त्या एकमेकींची गुपिते फोडतात.

तशी ती येथेही फोडून पाहावीत. ‘तिला मुलगी झाली’ या साध्या वाक्यात आई ‘तिला’ होऊन कोपऱ्यात बसते आणि ‘झाला-झाली-झाले’ हे क्रियापद बाळाच्या मागे जाते. नऊ महिने ओझे वाहणारी, जिवावरच्या कळा सोसणारी बाई वाक्यात कर्तेपणाला मुकते. इंग्रजीत उलट आहे. तेथे आई वाक्याच्या अग्रभागी आणि क्रियापदाला मुलगा-मुलगी यांचे सोयरसुतक नाही. इंग्रजीचा हा गुण मान्य करताना तिची खोडही सांगितली पाहिजे : तिथे बाळ स्वतः जन्म घेत नाही, ‘वॉज बॉर्न’ होते; म्हणून ‘आय बॉर्न इन यवतमाळ’ लिहिणारा विद्यार्थी हमखास एक गुण गमावतो. मराठी बाळ मात्र स्वतःच्या क्रियापदाने जन्मते.

मराठीत आईला कर्तेपण देणारे वाक्य नाही असे नाही. ‘ती बाळंत झाली.’ सुटसुटीत, पूर्ण, लिंगभेदाचा वासही नसलेले वाक्य. पण हे वाक्य कोणी एकटे राहू देत नाही. उमरखेड असो की वणी, प्रसूतिगृहाच्या ओसरीवर ते उच्चारले जाते न जाते तोच पुढचा प्रश्न तयार असतो : “काय झालं वं तिले?” प्रश्नाला दोनच उत्तरे अपेक्षित असतात. बाई शुद्धीवर आहे का, रक्तस्राव थांबला का, मूल रडले का, वजन किती, हे सारे त्या दोन अक्षरांच्या ‘काय’नंतर येते, कधी येतही नाही. गंमत अशी, की प्रश्न स्वतः नपुसकलिंगी आहे. ‘काय झालं?’ असे विचारणाऱ्याने व्याकरणदृष्ट्या कोणताही पक्ष घेतलेला नसतो.

गोठ्यातही हाच प्रश्न विचारला जातो. गाय व्याली, काय झालं? कालवड म्हटले, की धन्याचा चेहरा उजळतो, आणि म्हशीला रेडा झाला म्हटले, की तोच चेहरा पडतो. दुधाचा हिशेब तेथे उघड आहे. घरातला हिशेब तितका उघडपणे कोणी मांडीत नाही, एवढाच फरक.

इंग्रजीचे व्याकरण तान्ह्या मुलाला ‘इट’ म्हणू देते, याचे मराठी विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटते. टेबलाला ‘इट’, पावसाला ‘इट’ आणि बाळालाही ‘इट’? खुद्द इंग्रजी आईबाप मात्र आपल्या बाळाला सहसा ‘इट’ म्हणत नाहीत. ते परक्याच्या बाळासाठी, किंवा मुलगा की मुलगी हे ठाऊक नसताना. मराठीच्या ‘ते’त हा कोरडेपणा नाही. मूल, बाळ, लेकरू, अर्भक, तान्हे. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, पाडस, पिल्लू : मराठीने आपल्या जगातली सारी बाळे या एका लिंगात गोळा केली आहेत. त्याला ‘नपुसकलिंग’ हे रुक्ष नाव पडले, हे त्याचे दुर्दैव. प्रत्यक्षात भाषेतले सर्वांत मायेचे शब्द तेथेच राहतात. वऱ्हाडात साठी उलटलेल्या मुलालाही म्हातारी माय ‘माह्यं लेकरू’ म्हणते. शेजारच्या हिंदीला ही सोय नाही. तिथे पोटातल्या बाळाविषयी बोलायचे, तर ‘बच्चा’ म्हणून पुल्लिंगच पुढे करावे लागते.

मग दोष व्याकरणाचा, असे म्हणावे काय? याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील पोडांवर कोलाम राहतात. त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने वर्धा जिल्ह्यातील कोलामांच्या बोलीचा अभ्यास करून १९५५ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या भाषेत लिंगे दोन : एकात पुरुष, दुसऱ्यात बाकी सारे. म्हणजे व्याकरणाच्या हिशेबी स्त्री ही झाड, गाय आणि दगड यांच्या रांगेत बसते. गोंडीची वाटणीही अशीच आहे. एखाद्या सुधारकाने एवढेच वाचले, तर तो कपाळाला हात लावील. पण २०११ च्या जनगणनेचे आकडे पाहावेत. देशातील अनुसूचित जमातींत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ९५७. देशाचा सर्वसाधारण आकडा ९२० च्याही खाली होता. आणि महाराष्ट्राचा? २००१ मध्ये ९१३, तो २०११ मध्ये ८९४ वर आला. तीन लिंगांचे संपन्न व्याकरण बाळगणाऱ्या, संतांच्या अभंगांवर वाढलेल्या, शाळा-दवाखान्यांनी पुढारलेल्या प्रांताची ही कथा. बाईला दगडाच्या रांगेत बसविणाऱ्या भाषांच्या माणसांनी मुली राखल्या.

तेव्हा व्याकरण निर्दोष सुटते. अपराध घडतो तो ‘ते’चा ‘तो’ घाईने करण्यात. गर्भारणीच्या पोटावर हात ठेवून ‘लाथा मारतो बघ’ असे सासू कौतुकाने म्हणते, तेव्हा ती कोणाचे वाईट चिंतीत नसते. पण सात महिने ‘तो’ म्हणून वाढविलेले बाळ ‘ती’ निघाले, की घरावर जी क्षणभराची शांतता पसरते, ती बाळंतिणीला बरोबर ऐकू येते. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशा’ नाव लावणाऱ्या दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. त्या नावांचा उगम याच शांततेत आहे.

कायद्याने ही घाई अडविण्याचा प्रयत्न केला. गर्भलिंगनिदानाला पायबंद घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांआधी, १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ साली आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही रीतीने गर्भाचे लिंग सांगू नये, असे तो बजावतो. कायदेपंडितांना ‘खूण’ हा शब्द घालावा लागला, यावरून समाजाच्या कल्पकतेची कल्पना यावी. पेढा म्हणजे मुलगा आणि बर्फी म्हणजे मुलगी, ही परिभाषा मराठी घराला शिकवावी लागत नाही. डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक उघडायला लावतात, आणि पेढा निघाला की टाळ्या पडतात. तो खेळ आहे, कायदा त्याच्या वाटेला जात नाही आणि जाऊही नये. बर्फी निघाली तर टाळ्या किती जोरात पडतात, एवढे मात्र ऐकून ठेवण्यासारखे असते.

जुन्या पत्रांत बाळंतपणाची वार्ता कळविण्याची एक ठरलेली ओळ असे : बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. टपाल यायला चार दिवस लागत, आणि तेवढे दिवस पुतण्या की पुतणी या तपशिलाविना कोणाचे काही अडत नसे. खाली कुठेतरी, ताक करायचे राहिले किंवा कापसाला भाव आला या मजकुराच्या आगेमागे, तो तपशीलही येई. आता भ्रमणध्वनीवर प्रसूतिगृहाच्या दारातूनच विचारणा होते, आणि ती ओळ कोणाला आठवत नाही.

शाळेतली मधली सुट्टी संपत आलेली असते. उत्तरपत्रिकेवरची फुली खोडून बाईंनी तेथे बरोबरची खूण केलेली असते, आणि बेरजेत एक गुण वाढविलेला असतो. घंटा होते. जड पावलांची मैत्रीण टेबलाला रेटा देऊन उठते, तेव्हा दुसरी तिचा डबा उचलून घेते आणि विचारते, “तारीख कोनती देली वं डाक्टरीनबाईनं?”