मिठाची भूक

वनस्पतींना सोडियमची गरज फारशी भासत नाही. प्राण्यांना मात्र त्यावाचून जगता येत नाही. रक्तातील द्रवाचे प्रमाण टिकविणे, मज्जातंतूंतून संदेश वाहून नेणे, स्नायूंचे आकुंचन घडविणे या साऱ्या क्रिया सोडियमवर अवलंबून असतात. मांसाहारी प्राण्यांना ते भक्ष्याच्या रक्तमांसातून आयतेच मिळते. तृणभक्षकांची स्थिती वेगळी आहे. समुद्रापासून दूरच्या अनेक प्रदेशांत पावसाने मातीतील क्षार धुऊन नेलेले असतात व तेथील गवतात सोडियम अत्यल्प असते. म्हणूनच हरणे, गवे, हत्ती खारट माती चाटण्यासाठी ठरावीक जागी येतात. केनियाच्या एल्गॉन पर्वतावरील कितुम गुहेत तर हत्ती अंधारात खोल शिरतात आणि सुळ्यांनी क्षारयुक्त खडक फोडून खातात. गुरांपुढे मिठाचा खडा ठेवण्याची शेतकऱ्यांची रीतही याच गरजेतून आली आहे.

अशा दुर्भिक्ष्यात शरीराने मिठाची काटकसर उत्तम साधली. सोडियम कमी पडू लागताच अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरोन हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडतात आणि त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडे जवळजवळ सर्व सोडियम रक्तात परत घेतात. ब्राझील व व्हेनेझुएलाच्या अरण्यात राहणारे यानोमामी लोक परंपरेने अन्नात मीठ घालीत नसत. 32 देशांतील 52 केंद्रांवर झालेल्या व 1988 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांचा सरासरी रक्तदाब सर्वांत कमी लोकांमध्ये गणला गेला. वयाबरोबर तो वाढत गेल्याचेही आढळले नाही.

मीठ विपुल मिळू लागले की मात्र हीच शरीररचना अडचणीत येते. रक्तातील सोडियमची तीव्रता वाढू नये म्हणून शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि जादा मीठ बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना अधिक दाबाची गरज पडते. मिठाखेरीज रक्तदाबाला इतरही कारणे असल्यामुळे एकट्या मिठाचा परिणाम माणसांत वेगळा काढून दाखविणे कठीण होते. ऑस्ट्रेलियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेरेक डेंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅबन देशात चिंपांझींवर जो प्रयोग केला, त्याचे महत्त्व यातच आहे. फळे व भाजीपाला खाणाऱ्या या प्राण्यांपैकी एका गटाच्या आहारात मिठाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने दिवसाला 15 ग्रॅमपर्यंत वाढविण्यात आले. दुसऱ्या गटाचा आहार पूर्वीसारखाच ठेवला. 20 महिन्यांत पहिल्या गटाचा हृदयसंकोचकालीन रक्तदाब पाऱ्याच्या सरासरी 33 मिलिमीटरने वाढला. मीठ बंद केल्यावर सुमारे सहा महिन्यांत तो पूर्वपदावर आला. 1995 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

सर्व चिंपांझींवर परिणाम सारखा झाला नव्हता. अमेरिकन संशोधक लुइस डाल यांनी 1960 नंतरच्या दशकात उंदरांच्या निवडक प्रजननातून मिठाने रक्तदाब वाढणारे व न वाढणारे असे दोन वाण तयार केले होते. मिठाला मिळणारा प्रतिसाद अंशतः आनुवंशिक असतो, हे यावरून स्पष्ट झाले. माणसांतही असे भेद आढळतात.

तरीही वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतीच वेदना देत नाही आणि पक्षाघात किंवा हृदयविकार होईपर्यंत पुष्कळांना त्याची कल्पनाही नसते. म्हणूनच खबरदारी सर्वांनीच घेणे श्रेयस्कर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही थोडे कमी, मीठ सुचविले आहे. जगातील सरासरी वापर याच्या सुमारे दुप्पट आहे. चीनमधील 600 खेड्यांत सुमारे 21,000 लोकांवर झालेल्या चाचणीत, ज्यांना एक-चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र असे मीठ घातक ठरू शकते.

मीठ वर्ज्य करणे हा यावरील उपाय नव्हे. अतिसारात शरीरातील पाण्याबरोबर मीठही जाते, तेव्हा ते भरून काढावेच लागते. परंतु लोणची, पापड, फरसाण, पाव यांतून नकळत पोटात जाणारे मीठ सहज कमी करता येते. जीभही काही आठवड्यांत कमी मिठाच्या चवीला सरावते. जे मीठ मिळविण्यासाठी हत्तींना खडक फोडावा लागतो, ते माणसाच्या ताटात आज अनायास येते; त्याचे प्रमाण राखण्याचे काम आता विवेकालाच करावे लागणार आहे.