खाणीतून आलेला पोप

रोम शहराबाहेर आप्पियन रस्त्याच्या कडेला जमिनीखाली एक दफनभूमी आहे. मऊ ज्वालामुखी खडकात खोदलेले अरुंद बोळ, एकाखाली एक मजले, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत माणूस आडवा मावेल एवढे कोनाडे. सगळे बोळ मिळून सुमारे २० किलोमीटर भरतात. तिसऱ्या शतकातले नऊ पोप इथे पुरले गेले. त्यांचा कक्ष जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञाने १८५४ साली शोधून काढला. ही दफनभूमी ओळखली जाते ती पोप कालिस्तुसच्या नावाने, पण त्या नऊ जणांत तो नाही.

कालिस्तुस जन्मापासून गुलाम होता की नंतर झाला, कोणास ठाऊक. पण त्याच्या तरुणपणाची कहाणी सुरू होते ती गुलामीतच. आणि ती सांगतो त्याचा कट्टर विरोधक. ॲथॉस पर्वतावरच्या मठातून १८४२ साली एक ग्रीक हस्तलिखित हाती आले आणि १८५१ मध्ये ऑक्सफर्डला छापले गेले. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते रोममधला विद्वान धर्मगुरू हिप्पोलितुस याचे लेखन आहे. त्यात त्याने कालिस्तुसचे पूर्वायुष्य अगदी सूड उगवावा तसे लिहून ठेवले आहे. त्यामुळे वाचताना लेखकाचे आरोप बाजूला ठेवावे लागतात आणि उरलेल्या घटनांकडे आपल्या डोळ्यांनी पाहावे लागते.

मालकाचे नाव कार्पोफोरुस. तो बादशहाच्या पदरी असलेला ख्रिस्ती माणूस. त्याने कालिस्तुसला भांडवल देऊन पेढी काढायला लावली. मालकाच्या नावावर विश्वास ठेवून विधवांनी आणि इतर ख्रिस्ती बांधवांनी ठेवी ठेवल्या. पेढी बुडाली. पैसे खाल्ले की कर्जे थकली, हे हिप्पोलितुसच्या शब्दावर ठरवणे मला अन्यायाचे वाटते. एवढे खरे, की कालिस्तुस पोर्तुस बंदराकडे पळाला आणि जहाजात बसला. मालक होडीतून येताना दिसला तेव्हा त्याने समुद्रात उडी टाकली. खलाशांनी ओढून वर काढले. शिक्षा म्हणून त्याला गुलामांच्या जात्याला जुंपले.

ठेवीदारांनीच रदबदली करून त्याला सोडवले. बाहेर असला तर वसुली होईल ही आशा. मग शब्बाथच्या दिवशी ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये त्याचा तंटा झाला, नगराधिकारी फुस्कियानुसने त्याला फटके मारवले आणि सार्डिनियाच्या खाणींत पाठवले. खाणीची शिक्षा म्हणजे हळूहळू दिलेला मृत्युदंडच.

सुटका झाली ती अनपेक्षित वाटेने. बादशहा कोमोदुसची रखेल मार्किया ख्रिस्ती लोकांबद्दल माया बाळगणारी होती. तिने रोमचा बिशप, म्हणजे तेव्हाचा पोप, व्हिक्टर याच्याकडून खाणीतल्या कैद्यांची यादी मागवली. यादीत कालिस्तुसचे नावच नव्हते. सुटकेचे पत्र घेऊन आलेल्या हायसिंथुसचे पाय त्याने धरले, आणि त्या वृद्ध धर्मगुरूने अधिकाऱ्याचे मन वळवून त्यालाही सोडवले. व्हिक्टरला ते रुचले नाही. त्याने कालिस्तुसला आंतियम गावी ठेवून महिन्याचा खर्च बांधून दिला.

पुढचा बिशप झेफिरिनुस याने त्याला परत बोलावले आणि त्या दफनभूमीचा कारभार सोपवला. हे काम मला फार मोठे वाटते. गरिबाला, गुलामाला, ज्याच्यामागे कोणी नाही त्यालाही आपल्या माणसांत जागा मिळेल, ही सोय लावण्याचे ते काम होते. सुमारे १८ वर्षे झेफिरिनुसचा उजवा हात म्हणून वावरल्यावर, २१७च्या सुमारास तो स्वतः पोप झाला.

त्याच्या कारकिर्दीतले खरे भांडण क्षमेवरून पेटले. व्यभिचारासारखे पाप केलेल्या माणसाने पश्चात्ताप केला तर त्याला ख्रिस्तसभेत पुन्हा घ्यायचे की नाही? कालिस्तुस म्हणाला, घ्यायचे. गव्हाबरोबर तण वाढू देण्याचा येशूचा दाखला त्याने पुढे केला. नोहाच्या तारवात शुद्ध-अशुद्ध सगळेच प्राणी होते, याकडेही बोट दाखवले. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करू नये, हे प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातले बजावणेही त्याने वापरले. जाते ओढलेल्या माणसाच्या तोंडी चाकराचा हा दाखला वाचताना मी प्रत्येक वेळी थबकतो. त्याने आणखी एक धाडस केले. कुलीन स्त्री आणि गुलाम यांचा विवाह रोमचा कायदा मानत नसे. ख्रिस्तसभेत मात्र अशा जोडप्याला त्याने नवराबायको मानले.

हिप्पोलितुसला हे सारे धर्म बुडवणे वाटले. देवपित्याचे आणि पुत्राचे नाते कसे समजायचे, यावरूनही दोघांत कडाक्याचा वाद होता. हिप्पोलितुसने आपला वेगळा गट उभा केला. परंपरा त्याला पहिला प्रतिपोप, म्हणजे विरोधी पोप, म्हणते.

कालिस्तुस २२२च्या सुमारास गेला. जमावाने त्याला विहिरीत फेकले, अशी त्रास्तेवेरे भागातली जुनी कथा आहे. त्याचे दफन त्याच्या दफनभूमीत न होता पलीकडे, औरेलियन रस्त्यालगत झाले. ती कबर १९६० मध्ये सापडली.

हिप्पोलितुसचा विरोध पुढच्या पोपांच्या काळातही चालूच राहिला. मग २३५ मध्ये बादशहा माक्सिमिनुसच्या छळात त्याला आणि तेव्हाचे पोप पोंतियानुस यांना एकत्रच हद्दपार केले गेले. दोघेही तिथेच मरण पावले, समेट होऊनच, असे परंपरा मानते. दोघांची शवे रोमला आणली गेली, आणि पोंतियानुस यांना कालिस्तुसच्या दफनभूमीत जागा मिळाली. हद्दपारीची ती जागा होती सार्डिनिया.