बाळदमा : विषाणू कारण आहे की खूण?

सुट्टीत नंदुरबारला घरी गेले की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, सहा महिन्यांचा होता तेव्हा छाती भरली होती, आता पाच वर्षांचा झाला तरी दम लागतो. तेव्हाचंच राहिलंय का?" माझ्या मते मेथडॉलॉजी शिकायला यापेक्षा चांगला प्रश्न सापडणार नाही.

बाळांची छाती भरण्यामागे बऱ्याचदा आरएसव्ही हा विषाणू असतो. पण दोन वर्षांपर्यंत तो जवळजवळ प्रत्येकालाच गाठतो. त्यामुळे 'झाला का' नव्हे, 'कितव्या महिन्यात आणि किती जोरात' हे विचारावं लागतं. गंमत म्हणजे अमेरिकेत मॅडिसनला दम्याची किंवा ॲलर्जीची आनुवंशिकता असलेल्या मुलांचा पाठपुरावा झाला (2008), त्यात साध्या सर्दीचा रायनोव्हायरस पुढे निघाला. त्याने पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्यांमध्ये सहाव्या वर्षी दम्याचा ऑड्स रेशो जवळपास 10 होता, आरएसव्हीचा 2.6.

पण थांबा. विषाणूने फुफ्फुस बिघडवलं, की आधीच नाजूक असलेलं फुफ्फुस विषाणूने उघडं पाडलं? नुसत्या निरीक्षणातून हे सुटत नाही. नेदरलँड्समध्ये 429 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर चाचणी झाली. निम्म्यांना आरएसव्हीविरोधी अँटिबॉडी, बाकीच्यांना प्लासिबो. पहिल्या वर्षी घरघरीचे दिवस 61 टक्क्यांनी घटले (2013). सहाव्या वर्षी पालकांनी सांगितलेला दमाही कमी, पण फुंकून मोजलेल्या फुफ्फुसाच्या क्षमतेत फरक नाही! त्या टप्प्यावर ब्लाइंडिंग फक्त तपासणाऱ्यांचं होतं. पालकांच्या उत्तरावर किती भार टाकायचा, हे तुम्हीच ठरवा.

आता हाच अभ्यास धडगाव-अक्कलकुव्यात करायचा म्हटलं तर? घरात चुलीचा धूर, बाळाचं जन्मवजन कमी. दोन्हींमुळे छाती भरते आणि पुढे दमही लागू शकतो, म्हणजे कन्फाउंडर दारातच उभा. त्यात दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. यादीतून गळणारी बाळं बहुधा तीच, ज्यांना धोका जास्त. उरलेल्यांवरून काढलेला आकडा खोटा दिलासा देईल.

मेळघाटात आरएसव्हीवर गावपातळीवर काम झालं (2021 साली प्रसिद्ध), त्यात घरी दगावलेली बाळंही मोजली. फक्त दवाखान्यातली मोजली असती, तर ती दिसलीच नसती. पण ते काम दोन वर्षांखालच्या मुलांचं होतं. दम्यासाठी सहा वर्षं थांबावं लागतं, आणि तोवर दर हंगामाला त्या मुलाच्या मागे उसाच्या फडापर्यंत जावं लागेल.